तारखेला न येणारे पैसे

थकबाकी आधी माणसाच्या मनात तयार होते आणि मग वहीत उतरते, असं मी अनेक वर्षं म्हणत आले. बँकेतल्या नोकरीचा मोठा काळ मी वसुली विभागात काढला. पहिला हप्ता चुकतो तेव्हा माणूस घाबरलेला असतो, दुसऱ्या वेळी सबब सांगतो, तिसऱ्या वेळी फोन उचलत नाही. हा क्रम पाहून पाहून माझं मत घट्ट झालं होतं की देणं टाळण्याची सवय लागते आणि आपल्या दयेवर ती पोसली जाते.

निवृत्तीनंतर आम्ही काही जणींनी पुण्यात एक छोटा मदतनिधी सुरू केला. वस्त्यांमध्ये भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या कुटुंबांसाठी. बँकेतली म्हणून नियम लिहायचं काम माझ्याकडे आलं. मुलांच्या फीला पैसे द्यायचे, औषधांना द्यायचे, शिलाई मशीनला द्यायचे, फार अडचण असेल तर किराणा भरून द्यायचा. थकलेलं घरभाडं आणि थकलेलं लाइट बिल यांना मात्र एक रुपयाही द्यायचा नाही. हा नियम मी जाड अक्षरात लिहिला होता. फी भरली की मूल शिकतं, मशीन दिलं की बाई कमावते. भाडं भरलं तर काय उरतं? पुढच्या महिन्यात पुन्हा भाडं. शिवाय शेजारची बाई पोटाला चिमटा घेऊन भाडं वेळेवर देते, तिने काय पाप केलं? हा प्रश्न मी बैठकीत विचारत असे आणि त्याला कुणाकडे उत्तर नसे.

तो नियम आता आमच्या कागदावर नाही. तो काढून टाकण्याचा ठराव मीच मांडला. असं का केलं ते सांगावंसं वाटतं, कारण माझ्यासारखाच विचार करणारी भली माणसं माझ्या ओळखीत पुष्कळ आहेत. ती हात आखडता घेणारी नाहीत. वह्या-पुस्तकांना, डायलिसिसला, पूरग्रस्तांना ती मोकळ्या हाताने देतात. ‘भाडं थकलंय’ म्हटलं की मात्र त्यांचा चेहरा बदलतो. माझाही बदलत असे.

बदलाची सुरुवात २०२० मध्ये झाली असं म्हणता येईल, पण तेव्हा माझं मत बदललं नव्हतं. त्या वर्षी १७ एप्रिलला राज्याच्या गृहनिर्माण विभागाने घरमालकांना सांगितलं की भाडेवसुली किमान तीन महिने पुढे ढकला. बातमी वाचून मला हायसं वाटलं. तीन महिने पुढे ढकललेलं भाडं चौथ्या महिन्यात एकत्र समोर उभं राहणार आणि कमाई मात्र त्या चारही महिन्यांत नसणार, हे माझ्यासारख्या हिशोबी बाईच्याही ध्यानात लगेच आलं नाही. लाइट बिलांचं तेच झालं. मार्चअखेरीपासून मीटरचं रीडिंग बंद होतं, म्हणून हिवाळ्यातल्या वापरावरून सरासरी बिलं निघाली. जूनमध्ये खरं रीडिंग झालं तेव्हा उन्हाळाभर घरात कोंडलेल्या कुटुंबांचा सगळा वापर एका बिलात आला. महावितरणने तीन हप्त्यांची सोय दिली. ऊर्जामंत्री सवलतीबद्दल बोलत राहिले, लोक त्या आशेवर बिलं बाजूला ठेवत राहिले आणि नोव्हेंबरमध्ये कळलं की सवलत मिळणार नाही. त्या वर्षापुरता आम्ही आमचा नियम शिथिल केला. संकट अपवादात्मक, म्हणून मदतही अपवादात्मक, असं मी स्वतःला समजावलं.

पुढे संकट सरलं, कामं सुरू झाली, तरी भाडं थकल्याच्या चिठ्ठ्या येतच राहिल्या. त्या नियमाने पुन्हा नाकारायला लागलो, तेव्हा त्या नाकारलेल्या घरांमध्ये मी जाऊन बसू लागले. त्यांचं खर्चाचं नियोजन कुठे चुकतं ते पाहावं आणि त्यांना हिशोब शिकवावा, असा माझा इरादा होता.

पर्वतीच्या उतारावरच्या वस्तीत एक मावशी आहेत. चार घरची कामं करतात. नवरा रंगकाम करतो, रोज सकाळी मजूर अड्ड्यावर उभा राहतो. दोन महिन्यांचं भाडं आणि लाइटचे पैसे थकले होते. मी वही उघडली आणि म्हटलं, ‘मावशी, महिन्याला काय येतं, काय जातं ते सांगा.’ त्यांनी एका दमात सांगितलं. कोणत्या घरचा पगार सात तारखेला होतो, कोण दहा उलटल्याशिवाय देत नाही, कोणती वहिनी मे महिन्यात मुलांना घेऊन माहेरी जाते आणि त्या महिन्याचे पैसे कापते. गॅस किती दिवस पुरतो, भिशीचा नंबर कधी लागतो. आमच्या शाखेतल्या कित्येक कर्जदारांना स्वतःच्या धंद्याचा इतका चोख हिशोब देता आला नव्हता. मग त्या म्हणाल्या, ‘पैसं येत्यात ताई. पर तारखंला येत न्हाईत.’

मी ते वर्षाच्या हिशोबाने मांडून पाहिलं. वर्षाची कमाई वर्षाच्या खर्चाला जेमतेम पुरत होती, पण पुरत होती. खड्डा पडत होता तो जून ते सप्टेंबरमध्ये. पाऊस लागला की बाहेरून रंग देण्याची कामं बंद होतात, अड्ड्यावर उभं राहून लोक दुपारी परत येतात. त्याच जूनमध्ये शाळा सुरू होते आणि घरात आजारपण शिरतं ते पावसातच. भाडं मात्र बाराही महिने पाच तारखेच्या आत. ही ओढाताण भरून काढायला त्या वस्तीतल्याच एकाकडून पैसे उचलत. महिन्याला शेकडा पाच, नड मोठी असेल तर दहा. म्हणजे पावसाळ्यातलं भाडं त्या खऱ्या अर्थाने दिवाळीनंतर फेडत होत्या, व्याजासकट, आणि त्या व्याजापायी पुढच्या पावसाळ्यासाठी काही साठत नव्हतं.

हे मला नवं नव्हतं, आणि त्यामुळेच ते लागलं. शेतकऱ्याला पीककर्ज देताना परतफेडीची तारीख आम्ही सुगीनंतरची ठेवतो, कारण उभ्या पिकातून हप्ता निघत नाही हे बँकेला मान्य असतं. व्यापाऱ्याला कॅश क्रेडिटची मर्यादा मंजूर करतो, कारण माल आज घ्यायचा आणि पैसे दोन महिन्यांनी येणार, हे धंद्यात चालायचंच. कमाईची तारीख आणि देण्याची तारीख जुळत नाही, एवढ्यावरून आम्ही कुणाला बेजबाबदार म्हणत नव्हतो. त्या तफावतीसाठीच तर बँक असते. रंगारी आणि धुणीभांडी करणारी बाई यांच्या तफावतीसाठी मात्र आपल्याकडे सावकार आहे आणि माझ्यासारख्यांचा उपदेश आहे.

आणखी एक गोष्ट इथे लिहिलीच पाहिजे. मोठ्या थकबाकीदारांच्या एकरकमी तडजोडीचे प्रस्ताव माझ्या टेबलावरून गेले आहेत. नव्वद दिवस उलटले की खातं अनुत्पादक ठरतं, मग बोलणी सुरू होतात, व्याज सोडलं जातं, कधी मुद्दलाचाही भाग सोडला जातो. त्या कागदांवर ‘याला सवय लागेल’ असा शेरा मी कधी लिहिला नाही. तिथे लिहायचं असे की युनिट चालू राहिलं तर रोजगार टिकेल, काहीतरी वसूल होईल, म्हणून तडजोड हिताची. तो विचार चुकीचा होता असं मी आजही म्हणत नाही. पण एका खोलीत पाच माणसांचं घर चालू राहावं म्हणून आठ-नऊ हजार रुपये देताना मला चारित्र्याची चौकशी करावीशी वाटत होती आणि कोटींची सूट देताना वाटत नव्हती. हे माझ्या लक्षात आलं आणि त्यानंतर जाड अक्षरातला तो नियम वाचवेना.

एवढ्याने माझं मत अर्धं बदललं. बाकीचं विजेच्या तारांनी बदलवलं.

वस्तीतल्या भाडेकरूचं लाइट बिल बहुतेक वेळा त्याच्या नावाचं नसतंच. मीटर खोलीमालकाच्या नावावर. एका मीटरवर तीन-चार खोल्या, प्रत्येकीला छोटा पोटमीटर किंवा तोही नाही. मालक आपला दर लावून पैसे घेतो, कुठे युनिटला दहा, कुठे बारा, कुठे पंखा-टीव्ही मोजून ठोक रक्कम. यात मालकाची लबाडी असतेच असं नाही. घरगुती विजेचा दर टप्प्यांनी चढतो. पहिल्या १०० युनिटांचा दर आणि १०१ ते ३०० युनिटांचा दर यांत जवळजवळ दुपटीचा फरक आहे. चार खोल्यांनी साठ-साठ युनिटं जाळली तर एका मीटरवर दोनशे चाळीस होतात, म्हणजे निम्म्याहून अधिक वीज महागड्या टप्प्यात जाते. तीच चार कुटुंबं चार मीटरांवर असती तर चौघंही पहिल्या टप्प्यात राहिली असती. स्थिर आकार चार वेळा भरावा लागला असता हे खरं, तरी एकूण बिल कमीच आलं असतं. वर वीज शुल्क १६ टक्के, तेही फुगलेल्या रकमेवर. कमीत कमी वीज वापरणारं घर असं जास्त वापरणाऱ्याच्या दराने पैसे मोजतं. आमच्या सोसायटीतल्या तीन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये एकटी राहणारी मी माझ्या पंख्यासाठी त्या मावशींपेक्षा स्वस्त वीज वापरत होते.

आता यात थकबाकी कशी तयार होते ते पाहा. चार भाडेकरूंपैकी तिघं पैसे देतात, चौथ्याचं काम सुटलेलं असतं. मालक बिल भरत नाही, किंवा तिघांचे पैसे त्याच्या घरच्या कुठल्या नडीत जातात. बिलावर सव्वा टक्का विलंब आकार लागतो आणि ते आणखी रेंगाळलं की व्याज. वीज तोडण्याआधी १५ दिवसांची लेखी नोटीस दिली पाहिजे असं २००३ च्या वीज कायद्याचं कलम ५६ सांगतं. ती नोटीस ज्याच्या नावे मीटर त्याला जाते. भाडेकरूला पुष्कळदा कळतं ते लाइनमन शिडी लावतो तेव्हा. वेळेवर पैसे दिलेल्या तिघांचीही लाइट जाते. ‘प्रामाणिकपणे भरणाऱ्याचं काय?’ असं मी बैठकीत विचारायचे ना, तो प्रामाणिकपणे भरणारा इथे अंधारात बसलेला होता आणि त्याची नोंद कुठल्याच वहीत नव्हती.

अभय योजनांवर मी पूर्वी वर्तमानपत्रांना चिडून पत्रं लिहिली आहेत. दर काही वर्षांनी थकबाकीदारांना व्याजमाफी मिळते आणि वेळेवर भरणारा मूर्ख ठरतो, असा त्यांचा सूर. १ सप्टेंबर २०२४ पासून महावितरणने अशीच योजना आणली. ३१ मार्च २०२४ पर्यंत ज्यांची वीज कायमची तोडली गेली होती त्यांच्यासाठी व्याज आणि विलंब आकार माफ. मूळ रकमेच्या ३० टक्के आधी भरायचे, बाकीचे सहा बिनव्याजी हप्त्यांत. ती जाहीर झाली तेव्हा मी वस्तीत जात होते, म्हणून तिचा अर्थ मला वेगळा दिसला. थकबाकी माणसापेक्षा जागेला चिकटते. जुना भाडेकरू किंवा मालक बिल थकवून गेला की त्या खोलीवर नवं मीटर मिळत नाही, आधी जुनं भरा. अशी खोली स्वस्तात जाते आणि ती घेतं सगळ्यांत गरीब कुटुंब. ते शेजाऱ्याकडून एक तार ओढतात, एक दिवा आणि मोबाइल चार्जिंगचे महिन्याला पाचशे देतात आणि मुलगी दहावीचा अभ्यास शेजारच्यांची झोपायची वेळ होईपर्यंत करते. कारण तार त्यांची, स्विच त्यांचा. त्या योजनेत जागेचा ताबा असलेल्यालाही जुनं देणं मिटवता येत होतं. एका खोलीचे ३० टक्के आमच्या निधीतून भरले. माझा नियम मोडून भरलेले ते पहिले पैसे. त्या कुटुंबाने ती थकबाकी केलीच नव्हती, त्यांनी ती भाड्याच्या खोलीबरोबर घेतली होती. ‘याला सवय लागेल’ हे वाक्य तिथे कुणाला उद्देशून म्हणायचं?

मीटर भाडेकरूच्या नावे का होत नाही, याचा मी पाठपुरावा केला. उत्तर एकच मिळे, मालक ना-हरकत देत नाही. मीटर नावावर झालं की खोलीवर हक्क सांगेल अशी त्याला भीती. पण वीज कायद्याच्या कलम ४३ मध्ये मागणी करणारा जागेचा मालक किंवा ताबेदार असावा एवढंच म्हटलं आहे. आपल्याच राज्यातून गेलेल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने मे २०२२ मध्ये स्पष्ट केलं की वीज ही मूलभूत गरज आहे, मालकाने ना-हरकत नाकारली म्हणून भाडेकरूला ती नाकारता येणार नाही, अर्जदाराचा जागेवर ताबा आहे का एवढंच पाहायचं. मी हे कागद घेऊन कचेरीत जाऊ लागले. काही अधिकाऱ्यांनी समजून घेतलं, काहींनी नाही. पण ताबा दाखवायला कागद लागतो आणि वस्तीतल्या भाडेकरूकडे कागद नसतो. करार तोंडी, भाडं रोख, पावती नाही.

इथे थकलेलं भाडं भरण्याचा एक उपयोग मला कळला, जो नियम लिहिताना माझ्या स्वप्नातही नव्हता. आम्ही भाडेकरूच्या हातात पैसे न देता मालकाला देतो आणि पावती मागतो. १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याप्रमाणे भाड्याची पावती देणं मालकावर बंधनकारकच आहे, पण वस्तीत ती कोण मागणार? तीन महिन्यांचं थकलेलं एकदम मिळतंय म्हटल्यावर मालक पावती देतो. बहुतेक कुटुंबांच्या आयुष्यात ती पहिली पावती असते. त्यावर नाव, खोली, तारीख. त्या पावतीच्या आधारे मीटरचा अर्ज होतो. मीटर झालं की स्वतःच्या नावाचं लाइट बिल येतं आणि लाइट बिल हा आपल्याकडे पत्त्याचा सगळ्यांत चालणारा पुरावा. त्यावर आधारचा पत्ता बदलतो, मुलांचे दाखले होतात, रेशनकार्डाचं अडलेलं काम पुढे सरकतं. शिलाई मशीन देऊन यातलं काही झालं नसतं. किराणा देऊन तर नाहीच.

त्याच कायद्यातल्या दोन तरतुदी मी आता वस्तीतल्या प्रत्येक बैठकीत सांगते. भाडं थकलं म्हणून मालकाला पाणी किंवा वीज तोडता येत नाही, तो गुन्हा आहे. आणि लेखी नोंदणीकृत करार केलेला नसेल तर अटी काय होत्या याबद्दल भाडेकरूचं म्हणणं ग्राह्य धरलं जातं, ते खोटं असल्याचं सिद्ध होईपर्यंत. बायका हे ऐकून एकमेकींकडे पाहतात. लगेच कुणी भांडायला जात नाही आणि जावं असं मलाही वाटत नाही. पण रात्री खोलीला कुलूप लावण्याची धमकी आली तर मालकाशी उभं राहून बोलता येतं.

प्रीपेड मीटर हा थकबाकीवरचा रामबाण उपाय आहे, असंही मी मानत होते. आधी पैसे, मग वीज, वसुलीचा प्रश्नच मिटला. इंग्लंडमध्ये माझी भाची कर्जात बुडालेल्या लोकांना सल्ला देणाऱ्या केंद्रात काम करते. तिच्याशी बोलताना ते मत गळून पडलं. तिकडे गरीब घरांमध्ये असे मीटर कित्येक वर्षांपासून आहेत. त्यात पैसे टाकायचे, संपले की घर गार आणि अंधारं. २०२२ मध्ये ऊर्जा भयंकर महागली, तेव्हा थकबाकीदारांच्या घरात न्यायालयाचं वॉरंट घेऊन, कुलूप उघडून असे मीटर बसवले जात होते. त्याचा बोभाटा झाला आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये तिथल्या ऊर्जा नियामकाने ती सक्ती थांबवायला लावली. नंतर निराधार वृद्ध आणि तान्ही मुलं असलेल्या घरांना त्यातून वगळण्याचे नियम आले. भाची म्हणाली, ‘मावशी, या मीटरने कंपनीच्या वहीत थकबाकी दिसत नाही, पण बाई बाळाला घेऊन थंडीत बसलेली असते.’ २०२४ च्या जूनमध्ये आपल्या सरकारने सामान्य ग्राहकांवर प्रीपेड मीटर लादणार नाही असं जाहीर केलं, तेव्हा मला मनापासून बरं वाटलं. तिच्याकडूनच एक चांगली गोष्टही कळली. इंग्लंड आणि वेल्समध्ये मे २०२१ पासून अशी सोय आहे की कर्जसल्लागाराने नाव नोंदवलं की ६० दिवस बहुतेक देण्यांवरचं व्याज आणि वसुलीची कारवाई थांबते. चालू महिन्याचं भाडं-बिल भरत राहायचं, जुन्याचा तगादा मात्र बंद. तेवढ्या काळात माणूस हिशोब लावतो. आपल्या मावशींना साठ दिवस मिळाले असते तर पाऊस निम्मा सरला असता.

मत बदललं म्हणून अडचणी संपल्या असं मी म्हणणार नाही. एका खोलीमालकाने निधी पैसे देतो हे कळताच पुढच्या महिन्यापासून भाडं वाढवलं. दुसऱ्या घरी भाड्यासाठी म्हणून घेतलेली मदत दारूत गेली. तेव्हापासूनच आम्ही थेट मालकाला देऊ लागलो. सगळ्यांना पुरेल इतका पैसा आमच्याकडे नाही आणि कधी असणारही नाही. आणि खोलीमालक म्हणजे धनदांडगा, हे चित्रही वस्तीत फसवं ठरतं. एका गल्लीत दोन खोल्यांच्या भाड्यावर जगणाऱ्या विधवा आजी आहेत. भाडेकरूचे तीन महिने थकले तेव्हा त्यांची रक्तदाबाची गोळी बंद झाली होती. आम्ही भरलेल्या भाड्याने एका वेळी दोन घरं सावरली. भाडेकरूला मदत करून मालकाची चैन होते, हा आक्षेप मी स्वतः घेतलेला आहे. त्या आजींच्या दारात उभं राहून तो पुन्हा घेता येणार नाही.

सवयीचं काय, असं मला आजही विचारतात. मदत घेतलेल्यांपैकी काही जण पुन्हा आले, बहुतेक पावसाळ्यातच. काहींनी दिवाळीनंतर पैसे आणून दिले, आम्ही मागितले नव्हते. काहींनी नाही दिले. ज्यांनी दिले नाहीत त्यांच्यातला एक मुलगा आता स्वतःच्या नावाच्या मीटरचं बिल मोबाइलवरून भरतो आणि मला पावतीचा फोटो पाठवतो. सवय लागतेच म्हणायचं तर मला ती या बाजूनेही लागताना दिसली. नड असताना नाकारलं गेलं की लोक पुढच्या वेळी तोंड लपवतात, फोन उचलत नाहीत, सरळ सावकाराकडे जातात. बँकेत जी शेवटची पायरी मी बेपर्वाई समजत होते, ती पुष्कळदा लाज असते. वसुलीच्या खुर्चीतून ती लाज दिसत नव्हती.

निधीतल्या माझ्या सहकारी मैत्रिणींना हे सगळं पटलेलं नाही. त्यांच्यातली एक निवृत्त शिक्षिका आहे. ती म्हणते, फीचे पैसे भाड्याला गेले तर मुलांचं काय? प्रश्न खरा आहे. भाडं थकलं की खोली सोडावी लागते, खोली सुटली की वर्षाच्या मधे शाळा सुटते, हे माझं उत्तर तिला अर्धंच मान्य आहे. पुढच्या बैठकीत मी एक प्रस्ताव मांडणार आहे. १ जूनला निधीतली निम्मी रक्कम बाजूला काढायची आणि सप्टेंबरअखेरपर्यंत ती फक्त भाडं आणि विजेसाठी वापरायची. मालक पावती द्यायला तयार असेल किंवा हातात वीज तोडण्याची नोटीस असेल तर घरभेट, शिफारस, चौकशी यांत वेळ न घालवता दोन दिवसांत पैसे द्यायचे. मैत्रिणींना दोन दिवस फार कमी वाटतात. नोटिशीचे १५ दिवस मालकाच्या दारातून सुरू होतात आणि भाडेकरूच्या हाती ती येते तेव्हा त्यांतले दोन-तीनच उरलेले असतात, हे मी त्यांना तारखांसकट दाखवणार आहे.